बेकरीचं बिऱ्हाड

सून टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती, शेजारी खुर्चीत सासरे. दाराशी तिच्या दोन बॅगा. कोर्टातल्या सह्या सकाळीच उरकल्या होत्या. आता या घरातून तिला एकच गोष्ट न्यायची राहिली होती: गेममधली बेकरी. ती या दोघांनीच उभी केलेली. सून पीठ मळायची, सासरे भट्टी सांभाळायचे आणि रोज न चुकता पाव जाळायचे.

"गेमचा डबा माझा आहे, आधीच सांगून ठेवतो," मागून सासऱ्यांचा मुलगा म्हणाला. म्हणजे तिचा नवरा. सकाळपासून माजी, पण घरात अजून कुणाच्या जिभेला ते वळण पडलं नव्हतं.

"डबा ठेव ना. बेकरी पेन ड्राइव्हवर घेते आणि तिकडे माझ्या डब्यात टाकते. आहे का एखादा?"

त्याने टीव्हीखालचा खण उपसला. संपलेले सेल, कसल्यातरी किल्ल्या, एक निळा पेन ड्राइव्ह. तिने तो डब्याला लावला. पडद्यावर सूचना आली: हा ड्राइव्ह आधी कोरा करावा लागेल, त्यातलं सगळं पुसलं जाईल.

"काय आहे त्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"लग्नाचा व्हिडिओ," सून म्हणाली. "दुसरी कॉपी नाही."



"पुसून टाका," मुलगा म्हणाला. "बघतंय कोण आता?"

गेमचा रिमोट सासऱ्यांच्या हातात होता. अंगठा बटणावर होता, पण खाली जात नव्हता.

"बाबा, दाबा ना."

"दाबतो गं. वेळेवर दाबायला जमलं असतं तर एवढे पाव कशाला जळाले असते?"

दाबलं. पुसायला थोडा वेळ लागला. बेकरी मात्र पापणी लवायच्या आत ड्राइव्हवर गेली. एवढा पसारा आणि बिऱ्हाड इतकं हलकं! सुनेने ड्राइव्ह पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन ओढली. सासऱ्यांना रडू येत होतं आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं.

"इथलीही तशीच आहे, बाबा. मी फक्त कॉपी घेतलीय. तुम्ही खेळत राहा."

"एकट्याने उघडते होय?"

"नाही," ती हळूच म्हणाली. "दोघं लागतात."

सासऱ्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मला कुठे वेळ असतो?" मुलगा म्हणाला.

हे उत्तर त्या घरात नवीन नव्हतं. सून नुसती बॅगांकडे बघत राहिली.

सासरे उठले. अंगठ्याच्या जागी रबर झिजलेला आपला रिमोट त्यांनी तिच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये नीट खोचला.

"हा तुझ्याकडे असू दे. रविवारी आलो की लागेल. दुसऱ्याच्या रिमोटवर माझे पाव जळायचे नाहीत."

सून हसली, आणि हसता हसताच तिने डोळे पुसले.

"बाबा, अहो इथे एकच रिमोट उरतोय मग," मुलगा म्हणाला.

"हो ना," सासरे तिची बॅग उचलत म्हणाले. "तू एकट्याने खेळायचं काहीतरी बघ."