पाच मिनिटांचा घेर

हरकती नोंदवायचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता नोंदणी बंद होणार होती. चार वाजून दहा मिनिटांनी शिंपीकाका शाळेच्या सभागृहातल्या लांब टेबलावर वाकून नकाशा पाहत होते. दुकानातून तसेच उठून आल्यामुळे टेप अजून गळ्यात होती.

नकाशा या भागाच्या पुढच्या वीस वर्षांचा होता. नाल्याच्या दोन्ही काठांना पायवाट, बंद पडलेल्या गिरणीत वाचनालय आणि मुलींची शाळा, दर दोन गल्ल्यांमागे एक बाग. एकही घर उठवायचं नव्हतं, एकही जुनं झाड पाडायचं नव्हतं. काकांनी बोट न लावता तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "नवं कुठे जोडलंय ते दिसत नाही."

टेबलापलीकडे उभ्या असलेल्या नगररचनाकार बाई हसल्या. तीन वर्षं खपून त्यांनी हा नकाशा आखला होता. आठवडाभर लोक येऊन आपापलं घर शोधत होते आणि निघून जात होते. अख्खा नकाशा पाहणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

"आणि हे?" सभागृहाला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर लाल ठिपका होता, त्याच्याभोवती मोठं निळं वर्तुळ.

"नवं आरोग्यकेंद्र. या वर्तुळातल्या कुठल्याही घरापासून चालत पाच मिनिटं. तुमच्या गल्लीतला दवाखाना इथेच येईल. त्याच्या जागी वाहनतळ."

"पाच मिनिटांचं माप कोणाच्या अंगावर घेतलंत?"

"सरासरी माणसाच्या. मिनिटाला ऐंशी मीटर."

"हा गृहस्थ माझ्याकडे कधी कपडे शिवायला आला नाही."

काकू दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, वॉकर समोर ठेवून. खुब्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून तीनदा त्यांना दवाखान्यात व्यायामाला जावं लागे. गल्लीतला दवाखाना दुकानाच्या समोरच होता, म्हणून जमत होतं.

अर्ज घेणाऱ्या कारकुनाने काकांचा कागद वाचून परत सरकवला. "काका, 'बायकोला जड जाईल' असं लिहिलंय तुम्ही. ही अडचण झाली, हरकत नाही."

"हरकत नाही तर आलोय कशाला?" काकू खुर्चीतून म्हणाल्या.

"तसं नाही हो काकू. हरकतीला आधार लागतो. मोजमाप जोडलं नाही, तर समितीसमोर पहिल्या फेरीतच बाद होईल."

नगररचनाकार बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पंधरा मिनिटं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काकू, घरी जायचंय ना? मी येते सोबत."

"या. पण हात धरू नका. रोज कोण धरणार आहे?"

त्यांनी हात धरला नाही. मोबाइलमधलं घड्याळ सुरू केलं आणि काकूंच्या अर्धं पाऊल मागे राहिल्या. वॉकर पुढे, मग एक पाय, मग दुसरा. पाच मिनिटं झाली तेव्हा दोघी सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी होत्या. चौक अजून पुढे होता. चौकात हिरवा दिवा लागला आणि काकू दुभाजकापर्यंत पोचेतो विझलाही. दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या. बाईंचा हात आपोआप पुढे आला. त्यांनी तो मागे घेतला.

"होईल परत हिरवा," काकू वॉकरवर रेलून म्हणाल्या. "त्याला तरी दुसरं काय काम आहे?"

घराखालच्या दुकानाच्या पायरीपर्यंत एकोणीस मिनिटं लागली. काकू आत जाऊन बसल्यावर बाई निघाल्या आणि नेहमीच्या चालीने चार मिनिटांत सभागृहात पोचल्या. पोचल्यावर त्यांनी तो आकडाही टिपून ठेवला.

"पाच मिनिटांत सायकलवाल्यापर्यंत," त्यांनी काकांना सांगितलं आणि नकाशावर ती जागा दाखवली. काकांनी टेप लावली. लाल ठिपक्यापासून नऊ सेंटिमीटर. निळ्या वर्तुळापर्यंत मात्र चाळीस.

"घेर फारच आटला," ते म्हणाले.

"आता जुन्या दवाखान्यावर धरा."

काकांनी टेपचं टोक वाहनतळाच्या चौकोनावर अंगठ्याने दाबलं, नऊच्या खुणेवर शिंपीखडू धरला आणि घागऱ्याचा घेर आखावा तसा हात फिरवला. पांढरं वर्तुळ एका दमात पुरं झालं. आत दुकान आलं, दोन्ही बाजूंच्या चाळी आल्या, निवृत्तांची वसाहतही आली. बाई पाहतच राहिल्या.

"इतके जण," त्या हळूच म्हणाल्या. मग नकाशावर बोट सरकवून, "वाहनतळ चौकापलीकडे नेता येईल."

"न्या की. गाड्यांचे गुडघे दुखत नाहीत."

त्यांनी काकांचा अर्ज ओढून घेतला. 'आधार' या रकान्यात लिहिलं: तीनशे वीस मीटर, एकोणीस मिनिटे. सोबत चालून मोजले. परतीला मला चार. खाली सही केली, हुद्द्यासकट.

कारकुनाने सही पाहिली, मग बाईंकडे पाहिलं. "मॅडम, हरकत तुमच्याच नकाशावर आहे."

"माझ्याच आहे. शिक्का मारा."

पाचला दोन मिनिटं कमी असताना शिक्का पडला. काकांनी टेप गळ्यात टाकली, खडू खिशात ठेवला आणि चौकाच्या दिशेने निघाले. कारकून उठला, खिडक्या लावल्या आणि सवयीने नकाशाची कड धरून गुंडाळू लागला.

"राहू द्या पसरलेलाच," बाई म्हणाल्या. "खडू पुसला जाईल."