शालनला निरोप

कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एआय एजंट नेमायला आता एक वाक्य पुरायचं. बायको शालन वारल्यावर रघुनाथआप्पा कोष्टी एवढंच म्हणाले होते, "शालनसारखं काम कर." तेव्हापासून सुताच्या व्यापाऱ्यांशी तिच्याच आवाजात बोलणी होत होती, आणि आप्पा घरी जेवायलाही जात नव्हते.

"आप्पा, आता आईला सोडा," मुलगी मंजिरी कळवळून म्हणाली. "एजंट काढायलाही एकच शब्द लागतो. 'जा' म्हणा."

"घरच्या माणसाला 'जा' म्हणतात का गं?"

"मग तुमच्या रीतीनं म्हणा, पण म्हणा!"

आप्पांनी पडद्यासमोर हात जोडले. निघालेल्या माणसाला म्हणावं तसं ते हळूच म्हणाले, "बरं, शालन. ये हं."

पडदा काळा झाला. मंजिरीनं डोळे पुसले.

तेवढ्यात तिच्याच पर्समधल्या फोनमधून शालनचा आवाज आला, "आले हो!"