आईचे डोळे

आईच्या तिथीला पाने वाढण्यापूर्वी तिचे गाणे लावायचे, हा अनघाच्या घरचा रिवाज होता. यंदा तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने, भिंतीवर गाणी वाजवणारा वीतभर नवा पडदा बसवला होता. गाणे सुरू झाले आणि त्यावर ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ उमटले. तंबोऱ्याला गाल टेकलेली आई तीच होती. पण तिचे टपोरे, ओलसर डोळे अनघाकडे पाहून हसत होते.

"आई जन्मांध होती," अनघा म्हणाली.

"अगं, नजरेला नजर मिळाली की माणूस जास्त वेळ ऐकतो. म्हणून हा पडदा मुखपृष्ठावरच्या सगळ्यांनाच असे डोळे देतो. छान दिसताहेत की सासूबाई."

"जुनं चित्र लाव."

"ते आता गाण्यांच्या कंपन्या कुठेच ठेवत नाहीत. आणि बघत राहा हं, नजर हटली की गाणं थांबतं," म्हणत तो पाने मांडायला आत गेला.

जिने अनघाला जन्मभर बोटांनी चाचपून ओळखले, तिच्या चेहऱ्यावर कुणी बाहुलीची नजर चिकटवली होती. तिने डोळे घट्ट मिटले. तान मध्येच तुटली.

त्या शांततेत ती बराच वेळ बसली. मग आवाजासाठी तिने डोळे उघडले. आई पापण्या लववून लाडिक हसली आणि पुढे गाऊ लागली.