मंगळवारची चिठ्ठी

चिठ्ठी दोनदा वाचून कासिल्दानं काडी ओढली आणि ती जाळून टाकली.

"पुन्हा?" आबेलिनोनं कपाळाला हात लावला. जुन्या राजवटीत बावीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कागद जळताना बघून त्याचा जीव कासावीस व्हायचा. "कोमांदांते, कचेरीत कागद फायलीला लावतात हो!"

"डोंगरात एकाच्या खिशात एक कागद सापडला आणि आमची सात माणसं गेली. वाचायचं, पाठ करायचं, जाळायचं. आता हात ऐकत नाही."

अकरा वर्षं ती डोंगरात लढली, बंडखोर तुकडीची कोमांदांते, म्हणजे कमांडर झाली. हुकूमशहा राजधानी मानाग्वाहून विमानानं पळाला आणि सान ग्रेगोरियो गाव तिच्या गळ्यात पडलं. तिला पूल उडवता येत होता. नळाला पाणी कसं आणतात ते कुठे ठाऊक होतं? तिसऱ्याच दिवशी नळ कोरडे पडले. बायका रिकाम्या बादल्या बडवत दारात आल्या. "यापेक्षा आमचा कर्नल बरा होता!" ते तिच्या फार जिव्हारी लागलं. गाव चालवता आलं नाही तर मेलेले सगळे फुकट मेले, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या मंगळवारी दारावरच्या तक्रारपेटीत पहिली चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हतं. खाटीकखान्यामागे लोखंडी झाकणाखाली दोन व्हॉल्व आहेत, डावा अर्धा फेरा फिरवा. फिरवला, तर पाणी आलं.

मग दर मंगळवारी चिठ्ठी. कॉफीच्या तोडणीआधी मजुरांच्या निवाऱ्याची सोय करा, नाहीतर ते पलीकडच्या जिल्ह्यात जातील. राजमा दडवणाऱ्या व्यापाऱ्याला दम देऊ नका, त्याच्या ट्रकला डिझेल द्या. ती तसं करायची आणि गाव चालायचं. एकदा शेवटी लिहिलं होतं, काल तुमचं ताट तसंच परत गेलं, जेवत जा. ते वाचून तिला रडू आलं. तुकडीतलं कोणी उरलं नव्हतं. इथे सगळे सलाम ठोकायचे, पण सोबत जेवायला कोणी बसायचं नाही. चेपिता मावशी तेवढी कचेरीत आणि मागच्या कोठडीत ताटं पोचवताना चार शब्द बोलायची.

"खरं सांगा, तुम्हीच लिहिता ना?" तिनं आबेलिनोला विचारलं.

"एवढं डोकं असतं तर बावीस वर्षं कारकून राहिलो असतो?"

शेवटी तिनं पेटीवर कागद डकवला. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं येऊन भेटावं, भिऊ नये, मला उपप्रमुख हवा आहे.

त्याच आठवड्यात राजधानीहून वकील आला. कोठडीतल्या कर्नल मोन्ताल्वानला खटल्यासाठी न्यायचं होतं. एकोणीस वर्षं गावाला मुठीत ठेवलेला माणूस. त्याच्याच काळात, त्याच कोठडीत, कासिल्दाचा नवरा तेओ मेला होता. कर्नलनं तीनदा भेट मागितली. तिन्ही वेळा तिनं नाही म्हणून सांगितलं.

"त्याच्या बाजूनं काही लेखी असेल तर द्या," वकील म्हणाला. "तोंडी चालणार नाही. आपण त्यांच्यासारखे नाही, हे दिसलं पाहिजे. काहीच नसेल तर तीस वर्षं नक्की."

"एक ओळसुद्धा नाही," ती म्हणाली आणि सही केली. सोमवारी सकाळी कर्नलला घेऊन ट्रक गेला.

मंगळवारी पेटी रिकामी होती. तिनं दोनदा हात घालून पाहिला. एवढं एकटं तिला डोंगरातही वाटलं नव्हतं.

दुपारी चेपिता मावशी ताट घेऊन आली. "गरम आहे तोवर खा, पोरी. नुसती काटकी झालीस. आणि हे घे, पेटीत टाकायचं राहूनच गेलं बघ माझ्याकडून."

अक्षर तेच होतं. कासिल्दाचा जीव भांड्यात पडला. तिनं घाईघाईनं घडी उलगडली.

'कोमांदांते, उपप्रमुखपदासाठी आभार. भेटायला मी तीनदा परवानगी मागितली होती. चिठ्ठीखाली नाव घातलं असतं तर तुम्ही तो व्हॉल्व फिरवला नसता. आता मला मानाग्वाला नेताहेत, पण मला काळजी नाही. वाटेत वकिलाला एवढंच सांगणार आहे, की माझ्या बाजूचं लेखी जे काही आहे, ते सगळं तुमच्याकडे आहे.'