भूल झाली

"दुपारच्या टपालानं फाइल गेलीच पाहिजे," शिरस्तेदार मोतीराम म्हणाले. "एका शब्दापायी तीन दिवस झाले, पगारे."

भिमाजी पगारेनं मान हलवली. त्याच्यापुढं लंकाबाईचा जबाब होता, सव्वा पानाचा. बाकी सगळ्याचं इंग्रजी करून झालं होतं. घोडं अडलं होतं शेवटच्या दोन ओळींशी. हवालदारानं लिहिलं होतं : 'डॉक्टर घाईने बाहेर आले व नवरा मयत झाल्याचे कळले. त्या वेळी भूल झाली असे म्हटले.'

साल त्र्याऐंशी. नाशिकच्या कोर्टात भाषांतराच्या टेबलावर भिमाजीला अकरा वर्षं झाली होती. लंकाबाईचा नवरा, सिन्नरकडचा सहादू, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात अंतर्गळाचं ऑपरेशन करून घ्यायला आला आणि टेबलावरच गेला. त्याचा भाऊ खंडेराव यानं फिर्याद ठोकली. कागद आता मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जायचे होते, आणि त्यांच्यातल्या दोघांना मराठी येत नव्हतं.

डॉक्टरांच्या वकिलांचं म्हणणं सरळ होतं. भूल म्हणजे गुंगीचं औषध, अ‍ॅनेस्थेशिया. भूल देऊन झाली, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ.

खंडेराव टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "भूल म्हंजे चूक, साहेब. डॉक्टरनं सोताच्या तोंडानं कबूल केलंय!"

भिमाजीच्या खणात एक वही होती. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको विठाबाई बाळंतपणानंतर तापानं गेली, तेव्हापासूनची. वॉर्डाच्या दारात डॉक्टर त्याला म्हणाले होते, "सेप्टिसीमिया." तो म्हणाला होता, "बरं, साहेब." आणि शब्द विसरू नये म्हणून पुटपुटत घरी आला होता. दहाव्या दिवशी वाचनालयातल्या जाड कोशात त्याला तो सापडला. मूळ ग्रीक. एक तुकडा सडण्याचा, एक रक्ताचा. म्हणजे रक्त सडणं. त्यानं ते वहीत उतरवलं, कोश जागेवर ठेवला आणि कामावर गेला. रडू तेव्हाही आलं नाही, पुढंही नाही. मात्र त्यानंतर डॉक्टरी कागदात दिसेल तो शब्द तो मुळापर्यंत खणू लागला.

अ‍ॅनेस्थेशिया वहीत होताच. 'अन्' म्हणजे नसणं, पुढचा भाग म्हणजे जाणीव. जाणीव नसणं. हे लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्या ओळीकडं पाहत बसला होता. त्याखाली काल त्यानं मराठी शब्द लिहिला. भूल : चूक. मोहिनी. गुंगी. एकाच शब्दाच्या पोटात तिन्ही नांदत होत्या. कोशानं हात वर केले होते.

लंकाबाई तारखेला आली होती. बाहेरच्या बाकावर पाय दुमडून बसली होती. साक्षीदाराला विचारणं भिमाजीच्या कामात बसत नव्हतं, तरी तो उठला. चहा घेऊनच गेला.

"नको, भाऊ. दुपारपस्तोर तोंडात काय घालत नाय मी."

काही व्रत असेल, असं भिमाजीला वाटलं. त्यानं कप बाकाच्या कडेला ठेवला.

"बाई, एकच विचारतो. 'भूल झाली' म्हणजे गुंगीचं औषध देऊन झालं, असं होतं का ते?"

"नाय."

"मग?"

"चूक झाली, आसं."

"नक्की? वकील वेगळं म्हणतात."

"वकिलाला काय ठावं? चूकच. दुसरं काय मनातच नव्हतं."

ती समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होती. त्या सुरात ना राग होता, ना रडं. भिमाजीला तो सूर ओळखीचा वाटला. दोन वर्षं तो स्वतः त्याच सुरात बोलत होता.

तो टेबलाशी परत आला. वॉर्डाच्या दारात आपण म्हटलेलं 'बरं, साहेब' त्याला आठवलं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नव्हतं. डॉक्टर चुकले होते की नव्हते, ते आता कधीच कळणार नव्हतं. पण इथं एक डॉक्टर आपल्या तोंडानं बोलून गेला होता, आणि त्याचे वकील ते बोलणं औषधाच्या नावाखाली झाकू पाहत होते.

त्यानं टाइपरायटरवर कागद चढवला आणि 'मिस्टेक' हा शब्द दाबून दाबून टाइप केला. 'डॉक्टर म्हणाले' हे शब्दही घातले, कारण कर्त्यावाचून इंग्रजी वाक्य उभं राहत नव्हतं. खाली 'भाषांतर खरे व अचूक' असं प्रमाणित करून सही केली. मोतीरामांनी शिक्का मारला. दोनच्या टपालानं फाइल गेली.

भिमाजी बाहेर आला. खूप दिवसांनी त्याला छातीत काहीतरी हलल्यासारखं वाटत होतं.

"बाई, मी चूक असंच लिहिलं. फाइल गेली मुंबईला. आता डॉक्टरांना त्यातून सुटता येणार नाही."

लंकाबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं. "डॉक्टरांना? त्यांचं काय त्यात?"

"त्यांनीच नाही का कबूल केलं? भूल झाली म्हणून?"

"ते कुठं म्हनले, भाऊ?" तिचा सूर तसाच सपाट होता. "ते म्हनले, उलटी छातीत गेली, आमचा इलाज चालला नाय. मंग मी म्हनले, भूल झाली, साहेब. त्यांना वाटलं, मी गुंगीचंच इचारते. 'भूल नीट झाली व्हती, बाई,' म्हनले अन् आत गेले. हवालदारालाबी तेच सांगितलं, भूल झाली म्हनले म्हणून. त्यानं फुडं काय इचारलंच नाय. ऑपरेशनच्या आधी पान्याचा घोटबी द्यायचा नाय, आसं नर्सबाईनं दोनदा बजावलं व्हतं. पर पहाटं ते भुकेनं कळवळले, अन् मी पदराआड धरून त्यांना दूध-भाकर चारली."