चाळणी

"ब्याऐंशी टक्के," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

तिचा निबंध जवळजवळ सगळा लाल झाला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: यंत्राने लिहिल्याची शक्यता ब्याऐंशी टक्के. कॉलेजात सगळे त्या प्रोग्रॅमला चाळणी म्हणायचे. आकडा वीसच्या वर गेला की निबंध चाळणीत अडकला. आणि 'माझे शिक्षणविषयक विचार आणि वर्गातील तंत्रज्ञान' हा निबंध जमा झाल्याशिवाय कुणालाच शिक्षकाचं प्रमाणपत्र मिळत नसे. मुदत आज पाचपर्यंत. भिंतीवर सव्वाचार झाले होते.

"मी लिहिलंय, मॅडम. शब्द न् शब्द."

"मला सांगतेस? वर्षभर तुझी पाठांची टाचणं कोणी तपासली? तुझं वाक्य मी झोपेतसुद्धा ओळखेन."

"मग सांगा ना त्यांना."

"कोणाला?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पलीकडे माणूस असता तर कडाकडा भांडले असते गं."

तिनं पिशवीतून कच्चं लिखाण काढलं. सहा पानं, खाडाखोड, समासात बाण. मॅडमनी ती उलटसुलट करून पाहिली. मग पडद्यावरही वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती पानं जोडायला तिथे जागाच नव्हती.

"सगळे करतात तेच कर," मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या. "थोडं बिघडव. तू फार नीट लिहितेस, तेच नडतंय."

तिचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की घास हातात धरून थांबायचे. तिनं मन घट्ट केलं आणि 'विद्यार्थी'चं 'विद्यार्थि' केलं. एक चांगलं वळणदार वाक्य मधोमध तोडलं. दुसऱ्याला उगाचच 'खूप खूप' चिकटवलं. एकसष्ट. मॅडम तिच्या पाठीशी उभ्या होत्या आणि परीक्षेत शेजारणीला सांगावं तसं कुजबुजत होत्या.

"ते 'तथापि' काढ. 'पण' कर. आणि हा स्वल्पविराम कशाला हवाय?"

"इथे चूक आहे, मॅडम."

"असू दे. चांगली चूक आहे."

दोघी हसल्या. पस्तीस. मग सव्वीस. पाचला नऊ मिनिटं उरली तेव्हा पडद्यावर एकच परिच्छेद लाल होता.

तो सरावाच्या शाळेतल्या एका मुलीबद्दल होता. वर्गात सगळ्यांनी टॅबवर उत्तर द्यायचं, आणि या मुलीचं उत्तर कधी यायचंच नाही. टॅबनं तिला 'प्रतिसाद नाही' या रकान्यात टाकून दिलं होतं. एका मधल्या सुट्टीत ही जाऊन तिच्या बाकावर बसली. मुलीनं बाकावरच बोट फिरवून गणित सोडवलं. बरोबर सोडवलं. "हाताला घाम येतो ना बाई, मग काच माझं बोट घेतच नाही," ती म्हणाली. त्याखाली हिनं लिहिलं होतं: 'यंत्राला उत्तर कळते. मूल कळायला शेजारी बसावे लागते.'

तिनं त्यात एक वेलांटी चुकवून पाहिली. लगेच पुन्हा नीट केली.

"हा राहू दे, मॅडम. ह्यात नाही जमत मला."

मॅडमनी चष्मा लावून परिच्छेद वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"अख्ख्या निबंधात हाच तर खरा आहे."

"मग?"

"मग काय... पाचला सहा मिनिटं आहेत."

तिनं परिच्छेदावरून माउस फिरवला. अक्षरं निळी झाली. पोरगी, बाक, घामेजलं बोट, सगळं एकदम. मग तिनं डोळे न मिटता खोडायची कळ दाबली.

चौदा टक्के. पडदा हिरवागार झाला.

"सुटलीस बाई एकदाची!" मॅडमनी तिच्या खांद्यावर थाप मारली आणि त्या आवराआवरीला लागल्या.

पण निबंध जमा होईना. एक शेवटची चौकट उघडली होती. तिच्यात एकच वाक्य होतं आणि त्याच्यापुढे खूण करायला रिकामा चौकोन: 'वरील लेखन संपूर्णपणे माझे स्वतःचे आहे.'

"मॅडम," ती म्हणाली, "इथे काय करू?"

मॅडम कपाटाला कुलूप लावत होत्या.

पाचला एक मिनिट कमी असताना तिनं खूण केली. कपाटाचं कुलूप केव्हाच लागलं होतं. मॅडम तरीही पाठमोऱ्या उभ्या राहून त्यात किल्ली फिरवत होत्या.