पाण्यावर धरलेला आवाज

साऱ्या वस्तीत कॉलऱ्यावरचा ध्वनिमुद्रित संदेश सगळ्यात जास्त वेळा वाजतो तो याच घरात, असं इब्तिहालच्या टॅबलेटवर दिसत होतं. म्हणून ती मोठ्या हौसेने आत आली, आणि पहिल्यांदा तिला दिसले ते चटईवर पडलेल्या पोराचे डोळे. पार खोल गेलेले.

"कधीपासून जुलाब होतायत याला?"

"कालपासून. नुसतं पांढरं पाणी जातंय," उम्म सादिक, म्हणजे सादिकची आई, म्हणाली. "पण डॉक्टरीणबाई, तुम्ही दिलंय ते सगळं अगदी मनापासून चाललंय हं. एक वेळ चुकवलेली नाही."

इब्तिहाल डॉक्टर नव्हती, नर्स होती. पण तिहामाच्या या किनारपट्टीवर पांढरा कोट घातला की बाई डॉक्टरीणच होते, आणि तिने दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं होतं. तिने सादिकच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी पार आटलं होतं.

"मीठ-साखरेचं पाणी देतेस ना?"

"तुमचंच पाणी देतेय की! हे बघा."

उम्म सादिकने कोनाड्यातून निळी डबी काढली. कॉलऱ्याच्या साथीत आवाजाने लोक शिकतात का, हे तपासायला इब्तिहालने घरोघर वाटलेली, बटण दाबलं की बोलणारी आणि किती वेळा वाजली ते टॅबलेटला कळवणारी. उम्म सादिकने माठावरचं झाकण काढलं, डबी माठाच्या तोंडाशी धरली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आधी कुराणातली आयत. मग इब्तिहालचाच गंभीर आवाज खोलीभर घुमला: "जल प्रथम उकळावे. तदनंतर शीतल करून पात्र आच्छादित ठेवावे. अतिसाराची लक्षणे दृष्टोत्पत्तीस येताच लवण-शर्करायुक्त द्रावण..."

संदेश संपला. उम्म सादिकने माठात हळूच फुंकर घातली, पेला बुडवला आणि पोराच्या ओठांकडे नेला.

"थांब!" इब्तिहालने पेल्यावर हात मारला. पाणी चटईवर सांडलं. "कुठलं पाणी हे?"

"विहिरीचं. नेहमीचं."

"उकळलं नाहीस?"

"या अल्लाह! आयत पढलेलं पाणी कोणी चुलीवर चढवतं का?"

"अगं बाई, मी त्यात काय सांगतेय ते ऐकलंस तरी का?"

"ऐकलं म्हणजे? प्रत्येक नमाजानंतर ऐकते! पोरांना गप्प बसवते, चुलीपुढून उठते. किती सुरेख म्हणता हो तुम्ही! आम्हा अडाण्यांना अर्थ कुठला कळायला, पण अंगावर काटा येतो. शेजारपाजारच्यांनाही मीच सांगितलं, असं करा म्हणून."

इब्तिहालच्या तोंडचं पाणी पळालं. संदेश साध्या बोलीत करावा असं तिच्या मनात होतं, पण राजधानीतल्या समितीला गावंढळ भाषेची लाज वाटली आणि तिनेही मान डोलावली. सुरुवातीला आयत घालायची कल्पना मात्र तिची एकटीची. आयत ऐकली की माणूस हातातलं काम टाकून कान देतो, असं तिने समितीतल्या प्राध्यापकांना पटवलं होतं. तिचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं होतं.

हसावं तर तेही जमेना. लहानपणी तापात तिच्या आईने तिलाही असंच पाणी पाजलं होतं, आणि ती बरी झाली होती.

तिने पिशवीतून बंद बाटली काढली, मीठ-साखरेची पुडी फोडून त्यात मिसळली आणि चमचा भरला. उम्म सादिकने तिचा हात धरला.

"याच्यावर काही म्हटलेलं नाही, डॉक्टरीणबाई."

वाद घालायला वेळ नव्हता. इब्तिहालने बाटली छातीशी धरून आयत म्हटली. आवाज इतका कापत होता की तिचा तिलाच ओळखू येईना. मग तशाच दमात ती बोलत सुटली, "आता ऐक. विहिरीचं पाणी चुलीवर ठेव. खळखळ उकळू दे. निववून झाकून ठेव. तेच प्या सगळे. आणि याला हे चमचा-चमचा पाजत राहा, उलटी केली तरी जरा थांबून पुन्हा पाज."

उम्म सादिकने तिचा हात सोडला.

"आवाज तर तोच तुमचा," ती म्हणाली. "पण हे मला कळलं!"

मग तिने माठाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच याला..."

"तू नाही," इब्तिहाल म्हणाली. तिने भरलेला चमचा पोराच्या तोंडात घातला. सादिकने तो दातांत धरला आणि सोडेना, तेवढाच काय तो धीर. "याला सलाईन लावायला हवं. कॉलऱ्याच्या दवाखान्याच्या तंबूत न्यायला गाडी कोणाकडे मिळेल?"

"मशिदीपाशी अबू हमीद असेल. त्याची मोटरसायकल आहे."

इब्तिहाल चप्पल न घालताच धावली. दुपारचा नमाज नुकताच आटोपला होता. गल्लीत एरवी या वेळी बायकांचा नुसता कलकलाट असायचा. आज चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं अर्धवट लोटलेली, आणि एकेका दारातून तिचाच आवाज येत होता. कुठे आयत चालली होती, कुठे पात्र आच्छादित होत होतं.

"उकळा!" ती ओरडली. "बायांनो, पाणी उकळा! उकळल्याशिवाय पिऊ नका!"

एका दारातून एक म्हातारी लगबगीने बाहेर आली. एका हातात पाण्याचा पिवळा डबा, झाकण उघडलेलं, दुसऱ्या हातात निळी डबी. तिने रागाने इब्तिहालकडे पाहिलं आणि डबीचंच बोट करून ओठांवर धरलं.

"श्श! ओरडतेस काय अशी? पाण्यावर म्हणणं चाललंय, दिसत नाही?"